दहिवलीच्या उंदरांची शिरगणती

कोंडी कातकरणीचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्याला मोठा आवाज म्हणजे काय ते कळलेलंच नाही. कर्जत स्टेशनात घाट चढायला गाडीला जादा इंजिन जोडतात. ते शिट्टी घालत असतानासुद्धा कोंडीची हाक दहिवलीच्या बांधांवर ऐकू यायची, असं तिचा नवरा लडकू सांगायचा. लडकू स्वतः दिवसाकाठी चार शब्द बोलला तर पुष्कळ. त्याच्या वाटणीचंही कोंडीच बोलायची, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

तिची वाडी कोंडाण्याच्या लेण्यांखाली, डोंगराच्या पायथ्याला. थोडीशी खोपटी, दोन मोहाची झाडं आणि एक पाण्याचा झरा. आज्याच्या काळी ही माणसं खैराचा कात काढायची. मग जंगलावर सरकारचा पहारा बसला आणि कात गेला. राहिल्या कोळशाच्या भट्ट्या, राहिला मध, नदीतले मासे, आणि भातकापणी उरकली की दहिवलीच्या शेतांचे बांध.

बांधांवर काय, तर उंदीर. आता उंदीर म्हटल्यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी खुशाल मुरडावं, नाक त्यांचं आहे. गटारातल्या उंदराची गोष्ट मी सांगत नाही. शेतातला उंदीर नवं भात खाऊन गुबगुबीत झालेला असतो, आणि धोरणी तर असा की लोंब्या कुरतडून बिळाच्या पोटात कोठार भरून ठेवतो. कातकरी बीळ खणतो तेव्हा त्याला उंदीर मिळतो आणि उंदराचं कोठारही मिळतं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वाडीच्या चुली या बांधांच्या जिवावर पेटायच्या.

आणि या कामात कोंडीचा हात धरणारं सगळ्या मुलखात कोणी नव्हतं. बिळाच्या तोंडाशी बसायची, माती चिमटीत घ्यायची, वास घ्यायची आणि सांगायची, "हाय आत." नाहीतर, "काल गेला, उठा." मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात पेंढा पेटवायचा, मडकं बिळाच्या तोंडावर लावून धूर आत फुंकायचा, आणि दुसऱ्या तोंडातून उंदीर खोकत बाहेर आला की मानगूट धरायची. बाकीच्यांच्या बोटांना चावे असायचे, कोंडीची बोटं साफ. ती बोटं ती लोकांना दाखवायचीसुद्धा. लाजणं, मागं राहणं, मान खाली घालणं हे तिच्या स्वभावात नव्हतंच मुळी.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सालची गोष्ट. कापणी उरकत आली होती आणि भिवाजी पाटलाच्या खळ्यावर गाव गोळा झालं होतं. भिवाजी म्हणजे दहिवलीचा मोठा शेतकरी. निम्म्याहून अधिक बांध त्याचेच. खुर्चीवर बसले होते शेतकी खात्याचे टिपणीस साहेब. तरणेबांड, डोक्यावर टोपी, पायात बूट, बोलणं गोड पण कामात पक्के.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. लढाईनं देशाचं धान्य खाल्लं, रेशनच्या दुकानात माणसं मूठभर तांदळासाठी ताटकळतात आणि इथं उंदीर कोठारं भरून बसलेत. उंदीर मारले पाहिजेत. त्यासाठी खालापुराच्या कचेरीत विषाच्या पुडीचे डबे येऊन पडलेत. पूड बिळात टाकायची, तोंड चिखलानं लिंपायचं. आत वायू होतो आणि जे काही असेल ते आतल्या आत खलास.

"आनि आमी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मागं, पेंढ्यांच्या उडवीजवळ कोंडी उभी होती.

"बिळातल्या लोंब्या आमची पोरं खातात, सायेब. उंदीर आमी खातो. तुमी इख टाकनार नि आमी काय दगड खानार? एखादं पोर इखाचं बीळ खणून लोंबी तोंडात घालील, मंग कुनाला इचारू?"

"तू गप ऱ्हा गं कोंडे," भिवाजी पाटील उखडला. "बांध माझं हायत. उंदरांचं नाव करून शेतात शिरता नि माझ्या पेंढ्या कुठं जातात त्ये मला ठावं हाय."

"पेंढी नेल्याली दाव! दाव ना! नायतर तोंड सांभाळ, पाटील!"

झालं. दोघांच्याही तोंडाचा पट्टा सुटला. साहेबांनी हात वर करून दोघांना गप्प केलं आणि कोंडीकडं जरा निरखून पाहिलं. लेकरांच्या घासाचं त्यांच्या ध्यानात आलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"हे बघ बाई," ते म्हणाले, "मला उंदीर कमी करायचेत, पोरांच्या जिवावर उठायचं नाही. उंदीर बेतातले असतील तर तुम्ही खणून काढा, डबे मी उघडणार नाही. पण बेसुमार असतील तर खणून पुरं पडायचं नाही, विष घालावंच लागेल. तेव्हा आधी ते आहेत किती, हे कळायला हवं. तुमच्या माणसांना जिवंत उंदीर धरता येईल का?"

"मेल्याला धरायला कातकरी कशाला लागतो, सायेब?"

खळं हसलं. साहेबही हसले. मग त्यांनी भिवाजीकडून वालाची भरलेली टोपली मागवली. बिळात लपलेला उंदीर मोजायचा कसा ते त्यांनी वालाच्या दाण्यांवर दाखवलं. मूठभर दाणे काढले, त्यांना चुना फासला, परत टोपलीत टाकले आणि टोपली चांगली घुसळली. मग डोळे मिटून पुन्हा एक मूठ उचलली.

"आता बघा. या मुठीत चुन्याचे दाणे पुष्कळ आले, तर टोपलीत एकंदर दाणे थोडे. चुन्याचा एखादाच आला, तर टोपली अफाट. उंदरांचंही तेच करायचं. धरायचे, लाल रंग लावायचा, सोडायचे. चार दिवस मिसळू द्यायचे आणि पुन्हा धरायचे."

कोंडी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण डोकं चुलीतल्या पेंढ्यासारखं झटकन पेटायचं.

"म्हंजी दुसऱ्या खेपंला लाल लई मिळालं, तर उंदीर थोडं."

"अगदी बरोबर."

"आनि थोडं निघालं तर इख नाय."

"नाही. शब्द देतो."

"चला तर," कोंडी म्हणाली आणि भिवाजीकडं अशी काही बघून निघाली की पाटलानं तंबाखू मळायचं सोडून दिलं.

वाडीत मात्र बोंब उठली. धरलेला उंदीर सोडायचा? कोंडीचा दीर कमळ्या तर म्हणाला, "वैनी, सायेब येडा हाय का तू येडी हायस?" कोंडीनं त्याला चार गोष्टी सुनावल्या, मग विषाच्या डब्यांचं सांगितलं, तेव्हा सगळे मुकाट झाले. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी बांधांवर उतरली. धूर, खोकला, आरडाओरडा. टोपल्यांवर टोपल्या आंब्याखाली साहेबांपुढं येऊ लागल्या. कोंडी एकेक उंदीर मानगुटीला धरून पुढं करायची, साहेब त्याच्या पाठीवर मेंढ्यांना लावतात तसल्या लाल रंगाचा पट्टा ओढायचे. पहिल्याच उंदरानं साहेबांच्या अंगठ्याचा ठसा घेतला. कोंडी पोट धरून हसली, मग रानातला पाला चावून तिनंच त्यावर लावला. संध्याकाळपर्यंत तीन विसा, म्हणजे साठ लाल उंदीर परत बांधांत सोडून झाले होते आणि वाडी उपाशीपोटी घरी गेली. पण कोणी कुरकुरलं नाही.

चार दिवसांनी दुसरी खेप. पुन्हा धूर, पुन्हा टोपल्या. कोंडी साहेबांजवळ आंब्याखाली बसली होती, कारण टोपलीतून उंदीर काढून दाखवायचं काम तिचं. पहिली टोपली उघडली. करडा, करडा, करडा. दुसरी उघडली. करडे. "येतील की," ती म्हणाली. तिसरी, चौथी. दुपार कलली. मागच्या खेपेइतके उंदीर झाले, त्याहून जास्त झाले, आणि त्यात लाल म्हणून एक नाही. औषधाला नाही!

साहेबांनी काटकीनं मातीत आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. त्यांचा चेहरा उतरला.

"कोंडीबाई," ते म्हणाले. एव्हाना नुसत्या 'बाई'ची 'कोंडीबाई' झाली होती. "आपले साठच्या साठ हरवले. म्हणजे या बांधांत उंदरांना गणतीच नाही. मला वाईट वाटतंय. पण मी काय करू? आजच निरोप धाडतो, सकाळी खालापुराहून डबे येतील."

कोंडीच्या तोंडून शब्द फुटेना. असं तिच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. ती उठली आणि वाडीची वाट चालू लागली. वाटेत तिनं रस्त्याच्या धोंड्याला लाथ घातली, उंदरांना शिव्या दिल्या, साहेबाला दिल्या, वालाला आणि चुन्यालाही दिल्या. पण राग वर होता, खाली भीती होती. गणतीच नाही? मग ही चिमटीत घेतलेली माती, हा वास, ही सगळी अक्कल कुठं गेली होती? तिला तर बांध दरवर्षीसारखेच वाटले होते. आणि उद्यापासून चुलीवर काय ठेवायचं?

वाडीत चुलींवर उंदीर भाजत होते. ह्या खेपेचे सोडायचे नव्हते, त्यामुळं माणसं खुशीत होती. कोंडी मात्र खोपटाच्या दारात बसून राहिली. तिची सून आवडी भाजलेल्या उंदराचं पान घेऊन आली, बसली, आणि गप्पांच्या भरात बोलून गेली, "आत्या, आज एक लाल माझ्या पायावरून गेला बग. क्येवढा जाड!"

कोंडीनं मान वर केली. "मंग? धरला का नायस?"

आवडी गोंधळली. "म्या कसा धरनार? सायबाचा ना तो?"

"सायबाचा?"

"खूण हाय ना त्याच्यावर."

तिकडून कमळ्या म्हणाला, "मीबी लई सोडलं. धुरानं येडं झालं व्हतं, हातातच येत व्हतं. वाट करून दिली." कोणी म्हणालं पाच सोडले, कोणी म्हणालं मोजले नाहीत. लडकूनं तर एक लाल उंदीर धुरात गुदमरून पडला होता तो उचलून, वाऱ्यावर धरून, सावध करून परत बिळात घातला होता. हे त्यानं चार शब्दांत सांगितलं.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. रानात मधाचं पोळं ज्याला आधी दिसतं, तो झाडाच्या बुंध्याला गवताची गाठ मारून जातो. मध पिकेपर्यंत महिना लागो, दोन लागोत. त्या वाटेनं भुकेलेली माणसं जातात, येतात, वर बघतात आणि पुढं होतात. गाठ मारणारा स्वतः येऊन ती सोडत नाही, आणि 'सोडली' म्हणून हाक देत नाही, तोवर त्या झाडाला कोणी हात लावत नाही. ना कुलूप, ना पहारा, ना कोर्ट. खूण केली की संपलं. मग ती झाडाला असो, माशाच्या डोहाला असो, नाहीतर उंदराच्या पाठीला असो.

कोंडी आधी कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "अगं बया बया बया!" मग हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. आपण आंब्याखाली न बसता बांधात असतो तर आपणही तेच केलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात दाणा नाही, हातात आलेला उंदीर, आणि ही माणसं त्याला वाट करून देतात! तिचा ऊर असा भरून आला की त्या क्षणी तिला डब्यांची भीतीसुद्धा वाटेना. तिनं आवडीला जवळ ओढलं आणि तिच्या पानातला अर्धा उंदीर परत तिच्याच तोंडात घातला.

सकाळी डब्यांची बैलगाडी दहिवलीच्या बांधाला लागली तेव्हा कोंडी बैलांपुढं उभी होती आणि तिच्यामागं सगळी वाडी. साहेब होते, भिवाजी होता, गावकरी होते. कोंडीनं एका दमात सगळं सांगितलं.

भिवाजी पाटलानं टाळी वाजवली. "वा! इख आलं तवा सुचली व्हय ही गोष्ट? कातकरी म्हनं खुणेला हात लावत नाय! सायेब, गाडी म्होरं घ्या."

साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. ते कमळ्याकडं वळले. "अरे, मी सांगितलं होतं ना, मिळेल तो उंदीर आण म्हणून?"

"सांगितलं व्हतं."

"मग?"

"तुमची खूण व्हती ना, सायेब." कमळ्याला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "तुमी खूण सोडली नाय. मालकानं सोडल्याबिगर कसा धरनार?"

साहेब हा माणूस सरळ होता आणि त्याला गणितापेक्षा खऱ्याची चाड होती, म्हणून ही गोष्ट पुढं गेली. नाहीतर तिथंच संपली असती.

"खूण सोडायची कशी?" त्यांनी विचारलं.

"बांधाबांधावर जायाचं," कोंडी म्हणाली. "गवत तोडायचं, टाकायचं, आनि हाक द्यायची. सगळ्यांना ऐकू जायला पायजे."

टिपणीस साहेबांनी बूट काढले. विजारीचे पाय वर दुमडले आणि चिखलात उतरले. पहिल्या बांधावर गवताची काडी तोडून त्यांनी म्हटलं, "माझी खूण मी सोडली." शाळेत कविता म्हणावी तसं.

"एवढ्यानं उंदराला बी जाग नाय यायची, सायेब! पोटातनं वरडा!"

"माझी खूण मी सोडली!"

"हां, आता कसं!"

गावकरी तोंडावर उपरणी धरून हसत होते. साहेबांचे कान लाल झाले होते, पण गडी थांबला नाही. ज्या ज्या बांधात लाल उंदीर सोडले होते त्या प्रत्येक बांधावर गेला, चिखलात दोनदा घसरला, आणि शेवटच्या बांधावर त्याचा आवाज असा काही लागला की बैलांनी कान टवकारले. तेव्हा कुठं वाडीनं मडकी पेटवली.

ह्या खेपेला आंब्याखाली कोणी बसलं नाही. साहेब स्वतः बिळांमागून धावत होते. आवडीनं पहिला धरला तोच लाल. कमळ्यानं दोन धरले, दोन्ही लाल. मग एक करडा, मग पुन्हा लाल, लाल. लडकूनं हात वर केला, हातात लाल. कोंडी बांधावर उभी राहून प्रत्येकाला ओरडून सांगत होती, "लाल!" आणि दर वेळी भिवाजी पाटलाकडं बघत होती. टोपली भरली तेव्हा त्यात करड्यांहून लालच जास्त होते.

साहेबांनी गुडघ्यावर बसून चिखलातच आकडे मांडले. मागच्या खेपेला काढून खाल्लेले करडे धरून, सगळा हिशोब लावून, ते उठले.

"बेतातलेच आहेत," ते म्हणाले. "निम्मे तर एव्हाना निघालेत. उरलेले ही माणसं संक्रांतीच्या आत काढतील. गाडी वळवा रे!"

गाडीवानानं बैलांना हाळी दिली आणि डबे खडखडत वळले. कोंडी मटकन बांधावर बसली. तिच्या जिवात जीव आला होता. आवडी तिच्याजवळ येऊन तिच्या खांद्याला धरून उभी राहिली.

भिवाजी पाटील मात्र अजून धुमसत होता. "खालापूरला काय सांगनार, सायेब? तीन खेपा झाल्या, गाडीची खेप फुकट गेली. हसतील तुमाला. हिशोब चुकला कसा म्हनून इचारतील."

"विचारू देत," साहेब म्हणाले. "मी सांगेन त्यांना. हे कातकरी चोर असते, तर माझा हिशोब मागच्याच खेपेला बरोबर आला असता."

कमळ्यानं हातातलं मडकं खाली ठेवलं. कोंडी उठून उभी राहिली. डोळे गच्च भरले होते, ते तिनं पुसले नाहीत.

"सायेब," ती म्हणाली, "आता जे बोललात ना, ते गाडीवर चढून बोला. मगा हाक दिली तशी. पार गावापत्तोर जाऊ दे."

साहेबांनी चिखलाचे पाय झटकले. गाडीवानाला थांबवलं, विषाच्या डब्यांवर चढून उभे राहिले, आणि पोटातून ओरडून बोलले.